पंजाकडे पांढरा, कोपराकडे काळा

रोज सकाळी चहाचे दोन घोट पोटात गेले की टाकेकाकू डावा हात टेबलावर पालथा ठेवत. मनगटावर घड्याळ बांधावं तशी सुया खोचायची एक लांबट गादी पट्ट्याने बांधलेली असे. समोर लेक बसे. ती एकेक सुई घ्यायची, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायची, नेढ्यातून ओवायची, गाठ मारायची आणि सुई गादीत खोचायची. हाताच्या पंजाकडे पांढरा दोरा, मग मोतिया, मग बदामी, मधोमध करडा, पुढे तपकिरी, निळा आणि अगदी कोपराच्या बाजूला काळा. शेवटची सुई खोचून लेक म्हणायची, "झालं." टाकेकाकू डोळे मिटून उजव्या हाताचं बोट त्या रांगेवरून एकदा हलकेच फिरवत, आणि उरलेला चहा संपवून कामाला निघत.

हे दोघींचं गुपित होतं. पण रोज उठून करायचं गुपित लवकरच दात घासण्याच्या रांगेत जाऊन बसतं. लेकीलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

टाकेकाकू दूरचित्रवाणी केंद्राच्या कपडेपटात शिवणकाम करत. कपडेपट तळघरात. खिडकी नाही, भिंतीला लागून कपड्यांच्या दांड्या, मधे लांब टेबल, आणि कोपऱ्यात वाफेची इस्त्री दिवसभर सुस्कारे टाकत असलेली. बातम्या सांगणाऱ्यांचे कोट इथे यायचे. कोट कडक इस्त्रीचे आणि खाली विजार घरचीच, चुरगळलेली, कारण टेबलाखालचं बघतो कोण. मालिकांतल्या श्रीमंत बायकांचे झगे यायचे, समोरून राणीचे आणि पाठीमागून चिमटे लावून आवळलेले. कुणाचं काही उसवलं की माणूस जिना उतरता उतरताच ओरडायचा, "काकू, एक टाका!" त्यावरून नाव पडलं टाकेकाकू. खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

त्यांचं एकच म्हणणं असे. टाका दिसला की काम फुकट गेलं. नव्या पोरी आल्या की त्यांना त्या सांगत, "बाई, आपण केलेलं कुणाला दिसलं नाही, तर आपण केलं."

मग डोळे बिघडले. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हे वेगळंच होतं. समोरचं मधोमध पुसलं जायचं आणि कडेकडेचं तेवढं राहायचं. माणूस बोलत असला की त्याचा चेहरा दिसावा म्हणून टाकेकाकू त्याच्या कानाकडे बघत. लोकांना वाटे, काकूंना आपलं बोलणं पटत नाहीये. कपडेपटाचे साहेब तर म्हणतही, "काकूंनी असं तिरकं बघितलं की मी आपला माझा निर्णय मागे घेतो."

डॉक्टरांनी समजावलं की डोळ्याच्या आतला पडदा झिजतोय, चष्म्याने भागणार नाही. काकू उठताना म्हणाल्या, "म्हणजे उसवलेलं नाही, विरलेलं आहे. उसवलेल्याला टाका घालता येतो हो. विरलेल्यात तो धरत नाही."

हातांना सगळं येत होतं. कापडाचा पोत, शिवणीची जाडी, टाक्याची लांबी, सगळं बोटांना पाठ. एक सुई ओवणं तेवढं बोटांच्या हाती नव्हतं. तेवढ्यासाठी लेक होती. निवृत्तीला आता थोडाच काळ उरला होता. तेवढा निभावला की सुटले, असं काकू म्हणत. त्याआधी कुणाला कळलं तर हातावर नारळ, आणि मागून बोलणं, की आंधळी बाई इतके दिवस आपले कपडे शिवत होती.

लेक बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसे. कुठली गाडी कुठून सुटेल, किती उशिरा येईल, हे सांगायचं, आणि मधूनमधून ध्वनिक्षेपकावर ओरडायचं. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रपाळी करून आली तरी आधी सुया, मग झोप. दूरच्या शहरातल्या मोठ्या स्थानकावर बदली आणि वरची जागा असं दोनदा चालून आलं होतं. दोन्ही वेळा तिने "घरची अडचण" एवढंच लिहून नाकारलं. घरची अडचण सकाळच्या एका कपभर चहात मावत होती, हे तिच्या साहेबांना काय सांगणार?

त्या वर्षी देशाचं गाणं ठरलं आणि सगळ्यांच्या मागे लागलं.

ही स्पर्धा दरवर्षी व्हायची. देशोदेशीची एकेक गाणी एका झगमगीत मंचावर व्हायची, प्रत्येकाला तीनच मिनिटं, आणि मग सगळे देश एकमेकांना गुण द्यायचे. आपल्या देशाचं नाव यादीत खालून वाचलं की लवकर सापडायचं. यंदा मात्र लोकांना आशा होती, कारण गाणं तोंडात बसणारं होतं. "उद्या बोलू, उद्या बोलू, आज नुसतं चल." एवढंच त्याचं धृपद. निवडलं तेव्हा ते संथ होतं, थकलेल्या दोन माणसांनी एकमेकांच्या शेजारून चालावं तसं. मग समितीला वाटलं, फार झोपाळू आहे. ढोलके आले, चाल पळायला लागली, शेवटी श्वास संपेपर्यंत ओढायचा एक लांब सूर आला. बसस्थानकावर ते चहाच्या टपरीवर वाजे, चालकांच्या ओठांवर असे, कुणाच्या तरी खिशातला फोन तेच म्हणत वाजे. लेकीला ते ऐकून ऐकून वीट आला होता. उशिरा येणाऱ्या गाडीची चौकशी करणाऱ्या माणसाला एकदा तिच्या तोंडून चालीवरच गेलं, "उद्या येईल, उद्या येईल." तो माणूस हसला नाही.

गाणं बदललं की तळघरात झगा बदलायचा. आधी करडा होता. चाल पळायला लागली तसा लाल आणि आखूड झाला. शेवटचा सूर आला तशी कुणाला तरी भव्यता हवीशी वाटली, मग पांढरा, पायघोळ, पाठ उघडी, खांद्यावरून फुली मारून जाणाऱ्या दोन नाजूक पट्ट्या. प्रत्येक वेळी टाकेकाकूंनी उसवला, प्रत्येक वेळी शिवला.

"देशाचं काय ते ठरू दे एकदा," त्या घरी येऊन पाय चोळत म्हणत. "मला वाटतं, गाणं जिंकण्याआधी मीच विरून जाईन."

गायिका विशीतली पोर होती. लहानशा गावातून आलेली, हॉटेलांत गायची. नखं खायची सवय. झगा मापायला आली की थरथरायची आणि काकूंशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. म्हणून साहेब म्हणाले, "काकू, स्पर्धेला तुम्हीच चला. कपडे सांभाळायला एकच माणूस न्यायचाय, आणि पोरगी तुमचंच नाव घेतेय."

नाही म्हणायचं तर कारण लागतं. खरं कारण सांगता येत नव्हतं, आणि खोटं काकूंना वेळेवर सुचलं नाही.

निघायच्या सकाळी लेक रात्रपाळी करून घरी आली तेव्हा टाकेकाकू बॅगेवर गुडघा ठेवून तिची चेन ओढत होत्या. टेबलावर चहा झाकून ठेवलेला, शेजारी दोऱ्यांची रिळं आणि सुयांची गादी. रोजच्यासारखी मनगटावर नाही, नुसतीच टेबलावर पडलेली.

"भरपूर ओवून ठेव हं," काकू म्हणाल्या. "तिकडे तू नाहीस. एकेका रंगाच्या जास्तीच्या सुया लाव. आणि दोरे लांब ठेव."

लेक कोट न काढताच बसली. "जरा टेकू दे की मला."

"टेक ना. बसूनच तर ओवायचंय."

"आई, रात्रभर बोलून माझ्या घशाला कोरड पडलीये. तिकडे सांग ना कुणाला तरी."

"काय सांगू? की मला दिसत नाही?"

"हो! सांग! एकदाचं सांगून टाक!" लेकीचा आवाज चढला. "मी काय जन्मभर सुयाच ओवत बसू? दोनदा बदली सोडली मी. लोक विचारतात, घरी एवढी काय अडचण आहे गं? काय सांगू? माझी अडचण सुईच्या नेढ्याएवढी आहे, असं?"

काकूंनी बॅगेची चेन शेवटपर्यंत ओढली. लेकीच्या कानाकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या. एवढंच. आणि पाण्याची बाटली भरायला आत गेल्या.

त्या "बरं"ने लेकीला जास्तच लागलं. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने वाट करून दिली की तो तोंडावर पडतो. ती ओवत बसली. पांढरे डाव्या हाताला, काळे उजव्या हाताला, मधले मधे, हात आपोआप चालत होते. डोळे मिटत होते. खाली गाडीचा भोंगा वाजला. काकू आल्या, गादी उचलून हातपिशवीत टाकली, म्हणाल्या, "दूध वर आलं तर बंद कर गं," आणि जिना उतरल्या. लेक खिडकीशी गेली नाही.

तिकडून फोन यायचे, थोडेथोडे. हॉटेलचे सगळे मजले एकसारखे आहेत, काल मी परक्याच्या दाराला किल्ली लावत उभी होते. जेवण बरं आहे पण कशाचं आहे ते कळत नाही. पोरगी रात्री माझ्या खोलीत येऊन झोपते. झग्याला अजून हात लावायची वेळ आली नाही, एका नाचणाऱ्या मुलाची विजार तेवढी उसवली होती, करड्याने शिवून दिली.

"सुया पुरतायत ना?" लेकीने विचारलं.

"पुरतायत."

"आई…"

"हां?"

"काही नाही. जप."

"हो. उद्या बोलू," काकू म्हणाल्या, आणि दोघींनाही ते गाणं आठवून एकदमच हसू आलं. भांडण मिटल्यासारखं वाटलं. मिटलं होतं का, ते लेकीला ठरवता आलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी तिकडे रात्र होती, इकडे उन्हं कलायची होती. समोरच्या वहिनींकडे मोठा टीव्ही. वहिनींनी भरपूर खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी इमारत मास्तर म्हणायची कारण ते निवृत्त झाले तरी शिकवायचे थांबले नव्हते, रिमोट मांडीवर घेऊन अध्यक्षांसारखे बसले होते.

"ही सहावी की सातवी गायिका रडली बघा," मास्तर म्हणाले. "गुण रडण्याला असतात की गाण्याला?"

"तुम्ही गप्प बसा, आपलं आलं," वहिनी म्हणाल्या. "अगं ये पुढे बस. आई दिसेल का गं तुझी?"

"नाही वहिनी. ती दिसली तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं."

आपलं गाणं सुरू झालं. पांढरा झगा दिव्यांत असा उजळला की वहिनींनी तोंडाला हात लावला. पोरीचा आवाज पहिल्या ओळीला जरा कापला, मग सावरला. ढोलके, नाचणारी पोरं, खाली हात हलवणारी गर्दी. लेकीला वीट आलेलं ते गाणं तिकडे, एवढ्या परक्या माणसांपुढे, एकदम एकटं आणि केविलवाणं वाटलं. ती पुढे सरकून बसली. मग ढोलके थांबले. ठरल्याप्रमाणे गायिका प्रेक्षकांकडे पाठ करून वळली, मान वर केली आणि तो शेवटचा लांब सूर लावला. कॅमेरा हळूहळू तिच्या खांद्याजवळ आला. आणखी जवळ. सबंध पडद्यावर तिचा उघडा खांदा आणि त्यावरची पांढरी पट्टी.

पट्टीवर काळे टाके होते. मोठे, आडवेतिडवे, घाईत घातलेले. जखम शिवतात तसे.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या. "हे काय ठिगळ?"

"फॅशन असेल," मास्तर म्हणाले. "हल्ली फाटकंच विकतात."

सूर संपेपर्यंत कॅमेरा हलला नाही. लेक त्या टाक्यांकडे बघत राहिली. आईच्या हाताचे टाके तिने कुठेही ओळखले असते. पण आईने घातलेला टाका पहिल्यांदाच दिसत होता.

पहिल्यांदा तिला वाटलं, आईला रंग कळला नाही. मग वाटलं, रंग तर तिला कळतच नाही. ती रंग नव्हे, जागा बघते. पंजाकडे पांढरा. तिने पंजाकडची सुई घेतली असणार. मग पंजाकडे काळा कुणी लावला?

पुढची गाणी तिने ऐकली नाहीत. गुण सुरू व्हायच्या आधीच "डोकं दुखतंय" म्हणून ती घरी आली. टेबलापाशी बसली. त्या सकाळी ती याच खुर्चीत बसली होती. गादी समोर पडलेली. रोज ती आईच्या मनगटावर असायची, आणि आईचा हात आडवा ठेवलेला, पंजा लेकीच्या डाव्या बाजूला. म्हणून पांढरे डाव्या हाताला. पण त्या दिवशी गादी नुसतीच पडली होती, आणि तिचा पट्टा… लेकीने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. पट्ट्याचं बक्कल पलीकडे होतं. आईच्या मनगटावर ते नेहमी लेकीच्या बाजूला असतं. गादी उलटी पडली होती. सगळी रांग उलटी लागली. मधला करडा तेवढा मधेच राहिला, गादी कशीही फिरवा, म्हणून नाचणाऱ्या पोराच्या विजारीने काही सांगितलं नाही.

बक्कल तिला तेव्हा दिसलं होतं का? दिसूनही हाताने तसंच केलं का? बराच वेळ ती स्वतःला हेच विचारत राहिली. उत्तर दोन्ही बाजूंनी येत होतं आणि कुठलंच पुरं पटत नव्हतं.

देश खालून तिसरा आला. हरल्यावर कुणाच्या तरी नावाने बोटं मोडावी लागतात. गाण्याच्या नावाने मोडावी तर सगळ्यांनीच ते गुणगुणलेलं. गायिकेच्या नावाने मोडावी तर सूर तिने शेवटपर्यंत ओढलेला. उरला खांदा. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तो खांदा होता. मास्तर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "देशाचं नाक कापलं आणि काळ्या दोऱ्याने परत शिवलं, काय?" मग त्यांना आठवलं की कुणाशी बोलतोय, आणि ते उगाचच जिन्याचा कठडा पुसत वर गेले.

टाकेकाकू परत आल्या त्या दुपारी लेक चौकशीच्या खिडकीत होती. समोरच्या रांगेत बॅग ओढत एक बाई पुढे पुढे सरकत होती. तिची पाळी आली तेव्हा ती काचेतून लेकीच्या कानाकडे बघत म्हणाली, "बाई, घरी जायची गाडी कुठून सुटते हो?"

"आई!" लेक उठून उभी राहिली. "रांगेत कशाला उभी राहिलीस?"

"बाकीचे उभे होते म्हणून," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा धुवून धुवून रंग गेलेल्या कापडासारखा झाला होता. मागच्या माणसाने घसा खाकरला. "सांग ना, कुठून?"

"चार नंबर. बस तिथे बाकावर. माझी सुटायची वेळ झालीच."

घरी येताना बसमध्ये काकू झोपल्या. लेकीच्या खांद्याला त्यांचं डोकं लागत होतं आणि प्रत्येक खड्ड्याला त्या "सॉरी" म्हणत होत्या, कदाचित तिकडच्या सवयीने.

रात्री जेवताना लेकीने सुरुवात केली. "आई, ती गादी…"

"हो, धुवायला हवी. घामट झालीये."

"ते नाही. त्या सकाळी ती टेबलावर…"

"आमटीत मीठ कमी आहे का गं? की माझीच चव गेली?"

लेकीने आमटी चाखली. मीठ बरोबर होतं.

काय घडलं ते तिला गायिकेकडून कळलं. पोर आठवड्याने घरी आली, डोक्यावरून टोपी ओढून, कुणी ओळखू नये म्हणून. काकू कामावर होत्या. तिने चहा घेतला आणि भराभरा सांगून टाकलं. मंचावर जायच्या तोंडावर पडद्यामागे पट्टी तटकन तुटली. तिथे अंधार, नुसते निळे मिणमिणते दिवे, कुणाला कुणाचा चेहरा दिसत नव्हता. आधीचं गाणं संपत आलेलं. काकूंनी सुई काढली आणि शिवायला लागल्या.

"आणि ताई," गायिका म्हणाली, "मान वळवून बघितलं तर त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, मनात काहीतरी म्हणतायत. मग कळलं, त्या बोटांनी बघतायत. मी कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही."

"मग साहेबांनी विचारलं नाही? काळा दोरा का म्हणून?"

"विचारलं ना, परत आल्यावर सगळ्यांसमोर विचारलं. काकू म्हणाल्या, पांढरा कच्चा निघाला, काळा दणकट होता. पट्टी सुटून पोर जगासमोर उघडी पडली असती ते चाललं असतं का तुम्हाला? साहेब काय बोलणार? पण म्हणाले, एवढ्या जुन्या बाईने असा टाका घालावा? मग त्यांनी काकूंना इस्त्रीवर बसवलं." तिने नखं खाल्ली आणि हात खाली घेतला. "मी म्हणाले होते त्यांना, मी बोलते साहेबांशी. तर म्हणाल्या, तू गा. बोलणं माझं मी बघते."

गायिका गेल्यावर लेक कप विसळायला लागली. म्हणजे आईला काळा दोरा कुठून आला ते कळलं होतं. मंचावरून पोर उतरली तेव्हाच कुणीतरी ओरडलं असेल, काळा! आणि आईने त्याच क्षणी गादीवरून बोट फिरवलं असेल. डोळ्यांचं गुपित राहावं म्हणून ती खोटं बोलली, की लेकीची चूक लेकीला कळू नये म्हणून? दोन्ही एकाच टाक्यात घातलं होतं, आणि तो टाका दिसत नव्हता.

परत आल्याच्या दुसऱ्याच सकाळी एक गोष्ट घडली होती. तिचा अर्थ लेकीला आता लागला. टाकेकाकूंनी चहाचे दोन घोट घेतले होते आणि हात टेबलावर पालथा ठेवला होता. लेकीने पांढरं रीळ उचललं, सुई ओवली आणि पंजाकडे खोचायला गेली.

"थांब," काकू म्हणाल्या. "पंजाकडे काळा लाव आता. पांढरा कोपराकडे."

"का?"

"तिकडे सवय झाली तशी."

"एका आठवड्यात? इतक्या वर्षांची मोडून?"

"लागायची असली की सवय एका दिवसातही लागते," काकू म्हणाल्या. "आणि तुला तशा लावलेल्या सोप्या पडतील. गादी कशीही पडलेली असली तरी."

लेकीने मान वर केली. आई तिच्या कानाकडे बघत होती, नेहमीसारखी. म्हणजे तिच्या चेहऱ्याकडेच.

इस्त्रीवर बसलेल्या बाईला सुया लागत नाहीत. तरी निवृत्तीपर्यंत टाकेकाकू रोज गादी बांधून जात, रोज भरलेल्या सुया तशाच परत आणत. जिन्यातून "काकू, एक टाका!" अशी हाक आली की मान वर करत, आणि मग आठवून इस्त्री पुढे ढकलत. वाफेने त्यांची बोटं फुगली, मऊ झाली. घरी आल्या की खुर्चीत बसून त्या ती एकमेकांवर घासून बघत, अजून कापड कळतं का म्हणून. निरोपाच्या दिवशी साहेबांनी चार शब्द बोलताना खांद्याचा उल्लेख टाळला, आणि टाळला हे सगळ्यांना कळलं. गाणं तोवर लोक विसरले होते. पुढच्या वर्षी दुसरं आलं, तेही खालून लवकर सापडलं.

बदली तिसऱ्यांदा चालून आली तेव्हा काकूच म्हणाल्या, "घे गं बाई. नाहीतर पुन्हा माझ्यावर ओरडशील." लेकीने जवळच्या शहरातली घेतली, रोज बसने जाण्यायेण्याइतकी जवळची. सकाळी आणखी लवकर उठावं लागे. शिवायला आता काही नसे. तरी चहाबरोबर सुया ओवणं राहिलं. एखादी उशीची खोळ, कुणा शेजारणीचा परकर, एवढंच. कधी कधी लेक नुसतंच विचारायची, "आज किती?" आणि काकू म्हणत, "एक पुरे."

टाकेकाकू गेल्या त्या एका साध्या दुपारी, खिडकीजवळच्या खुर्चीत, कुणाला हाक न मारता. लेक तेव्हा त्या दुसऱ्या शहरातल्या चौकशीच्या खिडकीत कुणाला तरी गाडीची वेळ सांगत होती. त्या सकाळी वेगळं असं काही झालं नव्हतं. लेक उशीर झाला म्हणून उभ्याउभ्याच चहा पीत होती. काकूंनी तिच्या कोटाची बाही हातात धरली, बोटांनी चाचपली, आणि म्हणाल्या,

"बटण लोंबतंय गं तुझं. जाताना एक काळा ओवून ठेव, संध्याकाळी लावून टाकते."